हस्ताचा पाऊस, उघडे रान

शिरूर आणि दौंड तालुक्यांत वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. घाटमाथ्यावर एवढा पाऊस जुलैच्या एका आठवड्यात होऊन जातो. शिरूरमधली केंदूर, पाबळ, कान्हूर मेसाई काय किंवा दौंडच्या दक्षिणेची खोर, पडवी, देऊळगाव गाडा काय, या गावांची ओळखच मुळी दुष्काळी पट्टा अशी. तिथे जमिनीची धूप हा मोठा प्रश्न आहे असे म्हटले की अनेकांना पटत नाही. धूप कोकणात व्हावी, डोंगरउतारावर व्हावी. इथे वाहायला पाणीच कुठे आहे?

पाणी आहे, पण ते थोड्या तासांत येते. पर्जन्यछायेतला पाऊस स्वभावानेच लहरी. जून-जुलैत पश्चिमेचे ढग डोक्यावरून पळत जातात, वारा सुटतो, भुरभुर होते. ऑगस्टमध्ये मोठा खंड पडतो. मग पूर्वा, उत्तरा आणि हस्त या नक्षत्रांत दुपारची उष्णता वाढून ढग जागेवरच भरतात आणि तासाभरात पन्नास-साठ मिलिमीटर ओतून जातात. वर्षभरात असे दोन-चार पाऊस झाले तरी बऱ्यापैकी साल झाले म्हणायचे. वर्षभर वाहून जाणाऱ्या मातीतला मोठा हिस्साही याच दोन-चार पावसांत जातो.

आता त्या वेळी रान कसे असते ते पाहा. या भागातले भारी आणि मध्यम काळे रान पिढ्यान् पिढ्या रब्बीच्या ज्वारीसाठी राखले जाते. मालदांडी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरायची. तोवर जूनपासून शेत रिकामे ठेवायचे आणि कुळवाच्या पाळ्या घालत तणाची काडीही उभी राहू द्यायची नाही. यामागे पक्का हिशेब आहे: तण मरते, भेगा बुजतात, मुरलेला ओलावा पुढे ज्वारीला मिळतो. अशा स्वच्छ, काळ्याभोर रानाचे गावात कौतुक होते. पण वर्षातला सर्वांत जोरदार पाऊस येतो तेव्हा हेच रान सर्वांत उघडे असते. माझ्या मते या दोन तालुक्यांतल्या धुपीचे मूळ या वेळापत्रकात आहे. उतार, जंगलतोड, मातीचा प्रकार ही कारणे खरी आहेत, पण नंतरची.

पावसाचा मोठा थेंब साधारण पाच मिलिमीटरचा असतो आणि जमिनीवर आदळताना त्याचा वेग सेकंदाला नऊ मीटरच्या घरात, म्हणजे ताशी तीस किलोमीटरच्या वर असतो. उघड्या मातीवर तो पडला की ढेकळातले कण सुटे होऊन उडतात. याला उसळी धूप म्हणतात. उडालेले बारीक कण पुन्हा खाली बसताना जमिनीची छिद्रे बुजवतात. वरचा पातळ थर चोपून बंद होतो, पाणी मुरायचे थांबते आणि पृष्ठावरून चालू लागते. त्याबरोबर संपूर्ण शेतावरून मातीचा पातळ पापुद्रा निघतो, ती सालकाढी धूप. पुढे पाणी एकत्र येऊन बोटभर, वीतभर ओघळी पाडते आणि ओघळींकडे दुर्लक्ष झाले की घळी पडतात. घळ सगळ्यांना दिसते, तिचे फोटो निघतात, तिच्यासाठी निधीही मिळतो. सालकाढी धूप मात्र पुढच्या कुळवणीत पुसली जाते, त्यामुळे शेतमालकाला तिचा पत्ता लागत नाही. जास्त नुकसान तीच करते, कारण ती सबंध शेतावर होते आणि जाताना सर्वांत बारीक, सर्वांत कसदार कण घेऊन जाते. मागे खडे-गोटे वर येतात आणि लोक म्हणतात, रानात दगड वाढले.

ही माती किती, याचा अंदाज ब्रासमध्ये केलेला बरा. मुरूम-वाळूच्या व्यवहारामुळे ब्रास म्हणजे काय हे इथे शाळकरी पोरालाही कळते. एका एकरावरून एक मिलिमीटर जाडीचा थर गेला, तर ती माती चार घनमीटर होते. म्हणजे जवळजवळ दीड ब्रास आणि वजनात पाच टनांच्या वर. एक मिलिमीटर डोळ्यांना दिसत नाही. दीड ब्रास माती कोणी ट्रॅक्टर-ट्रॉली लावून रातोरात नेली असती, तर सकाळी पोलीस पाटलाकडे तक्रार गेली असती. १९८३ साली ध्रुव नारायण आणि राम बाबू या शास्त्रज्ञांनी भारतातल्या धुपीचा जो अंदाज मांडला, त्यात देशाची सरासरी हेक्टरी १६.४ टन निघाली. एकरी हिशेब केला तर साडेसहा टन, पावणेदोन ब्रास, दरवर्षी. बसाल्टचा काळा पाषाण कुजून मुरूम व्हायचा आणि मुरमाची माती व्हायची, तर अशा एका सेंटिमीटर मातीला शेकडो वर्षे लागतात.

इथे मातीचा आणि दुष्काळाचा संबंध येतो, आणि तो खतापेक्षाही मोठा आहे. कोरडवाहू शेतात माती हीच पाण्याची टाकी असते. एक सेंटिमीटर जाडीची चांगली काळी माती पिकाला देता येईल असे दीड ते दोन मिलिमीटर पाणी धरून ठेवते. एकरात ते सहा ते आठ हजार लिटर होते. म्हणजे सेंटिमीटरभर माती गेली की दर एकरामागे एका लहान टँकरइतकी साठवण कायमची गेली. तोच पाऊस, तेच बियाणे, तरी आजोबांच्या काळात पोटरीत येणारी ज्वारी आता त्याआधीच माना का टाकते, याचे उत्तर पुष्कळदा आकाशात शोधले जाते. ते अनेकदा पायाखाली असते.

या प्रश्नाच्या अभ्यासाची एक वाट शिरूर तालुक्यातूनच गेली आहे. मुंबई इलाख्याच्या शेतीखात्यातले डॉ. हॅरोल्ड मान आणि ना. वि. कानिटकर यांनी दख्खनच्या खेड्यातली जमीन आणि श्रम यांवरचा आपला दुसरा अभ्यास १९२१ साली प्रसिद्ध केला. त्यासाठी निवडलेले गाव होते जातेगाव बुद्रुक. पहिले गाव, पिंपळे सौदागर, पुण्याला लागून. दुसरे मुद्दाम कोरडवाहू, शहरापासून लांब. या गावातल्या बहुसंख्य कुटुंबांचे जमिनीच्या उत्पन्नावर भागत नाही, कर्ज फिटत नाही, हे त्यांनी घराघराचा हिशेब मांडून दाखवले. हेच कानिटकर पुढे मांजरीला १९२३ पासून सुरू झालेल्या कोरडवाहू शेतीच्या प्रयोगांत आले आणि १९३३ साली सोलापूरला उभ्या राहिलेल्या संशोधन केंद्रातही त्यांचे काम झाले. सोलापूरला शेताच्या तुकड्यांना कड घालून, खाली टाक्या बसवून, प्रत्येक पावसात किती पाणी आणि किती माती निघून जाते ते मोजले गेले. तिकडे अमेरिकेत त्याच दशकात धुळीच्या वादळांनी प्रेअरीची शेते उडवली, ह्यू बेनेट यांनी तो प्रश्न देशासमोर मांडला आणि १९३५ मध्ये मृदसंधारणाचा कायदा आला. तिथे वारा, इथे पाणी. पण निष्कर्ष जुळणारा होता. उघड्या, मशागत केलेल्या जमिनीतून माती सर्वांत जास्त जाते आणि गवताच्या झाकणाखालून अगदीच थोडी.

याच गोष्टीची आणखी एक मोजणी हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेत १९७६ पासून चालू राहिली. खोल काळ्या जमिनीचे दोन पाणलोट. एकात जुनी पद्धत, म्हणजे पावसाळाभर पडीक आणि मग रब्बीचे पीक. दुसऱ्यात रुंद सरी-वरंबे आणि पावसाळ्यातच पीक, त्यात तुरीसारखे लांब चालणारे आंतरपीक. पहिल्यातून हेक्टरी सरासरी सहा टनांच्या वर माती गेली, दुसऱ्यातून सुमारे दीड टन. तिथला पाऊस आपल्यापेक्षा बराच जास्त आहे, त्यामुळे ती पद्धत जशीच्या तशी शिरूरला आणता येणार नाही. ओल दोन पिकांना पुरायची नाही. पण साठ-सत्तर दिवसांत निघणारे मूग, मटकी, चवळी हलक्या-मध्यम रानात घेता येते. बाजरीच्या दोन ओळींमागे तुरीची एक ओळ ठेवली तर बाजरी निघाल्यावरही हस्ताच्या पावसात तुरीचे छत्र रानावर उभे असते. जिथे ज्वारीसाठी रान मोकळे ठेवणे भागच आहे, तिथे ऑगस्टमध्ये, पोळ्याच्या सुमारास, कुळवणीनंतर बंदिस्त वाफे करावेत. सोलापूरच्या केंद्राने ही शिफारस कितीतरी वर्षे केली आहे. सारा यंत्राने साधारण दहा बाय दहा मीटरचे चौकोन पाडायचे, वरंबे टीचभर उंचीचे. पन्नास मिलिमीटर पाऊस पडला तर अशा एका चौकोनात पाच हजार लिटर पाणी येते. एकरात चाळीस चौकोन धरले तर दोन लाख लिटर. ते सगळे नाही मुरत, पण चालायलाही लागत नाही. पेरणीच्या वेळी वरंबे मोडून टाकायचे. खर्च म्हणाल तर काही तासांचे काम. शेततळ्याच्या प्लास्टिकसाठी लाख-दोन लाखांचा विचार करणाऱ्या शेतकऱ्याने आधी हे का करू नये, मला खरोखर कळत नाही.

उताराला आडवी नांगरट, आडवी पेरणी हा तर याहून सोपा उपाय. पाण्याचा वेग दुप्पट झाला की ते वाहून नेऊ शकेल अशा कणाचे वजन चौसष्ट पट होते, हे सूत्र कृषी पदविकेत पाठ करून घेतात. म्हणजे वेग निम्मा केला तरी केवढे काम होते! अडचण अशी की भावकीत वाटण्या होताना जमीन उताराच्या दिशेने लांब पट्ट्यांत वाटली जाते, कारण प्रत्येकाला थोडे वरचे हलके आणि थोडे खालचे भारी रान मिळायला हवे. न्याय्यच आहे ते. पण मग तीस-चाळीस फूट रुंदीच्या पट्ट्यात ट्रॅक्टर आडवा वळत नाही. तो उताराबरोबर खाली-वर जातो आणि नांगराचा प्रत्येक तास पाण्यासाठी तयार नळी होतो.

बांधांची गोष्ट इथेच अडते. १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्यानंतर दख्खनच्या दुष्काळी भागात समपातळी बांध मोठ्या प्रमाणावर घातले गेले. १९७२ च्या दुष्काळात तर मजुरीसाठी तेच काम गावोगाव निघाले. तंत्र चुकीचे नव्हते. पण समपातळीची रेषा सर्व्हे नंबर ओळखत नाही. ती एकाच्या शेताच्या मधून आणि दुसऱ्याच्या कोपऱ्यातून जाते. आपले रान दुभंगलेले शेतकऱ्याला रुचले नाही. भारी काळ्या जमिनीत तर बांधाच्या पोटाशी पाणी तुंबून पीक पिवळे पडू लागले. अशा जमिनीला ढाळीचे बांध हवेत, म्हणजे पाणी हळूहळू एका बाजूला काढून देणारे. बरेच बांध पुढे कोरले गेले, नांगरून टाकले गेले. हद्दीवरचा बांध टिकला, पण तोही दरवर्षी दोन्हीकडून एकेक तास आत घेत बारीक होत गेला. बांध कोरण्यावरून तालुक्याच्या कोर्टात किती दावे पडून असतात ते वकिलांना विचारा. त्या भांडणात दोन्ही बाजू हरतात, कारण कोरलेला बांध पहिल्याच मोठ्या पावसात फुटतो.

फुटतो तोही बहुधा एकाच कारणाने. सांडवा नसतो, किंवा असलेला बुजलेला असतो. बांध म्हणजे पाणी अडवणे एवढेच डोक्यात बसल्यामुळे जादा पाणी कुठून जाणार याचा विचार राहून जातो. मग ते बांधाच्या सर्वांत खोलगट जागेवरून उसळते आणि तिथे एका रात्रीत घळ पडते. दगडाने पिचिंग केलेला, बांधाच्या माथ्यापेक्षा फूटभर खाली ठेवलेला रुंद सांडवा मृगाच्या आधी साफ करणे, हे काम कोणत्याही योजनेत येत नाही आणि त्यावाचून कोणतीही योजना टिकत नाही. बांधावर वाळ्याची, म्हणजे खस गवताची ओळ लावली तर मुळे दोन मीटरपेक्षा खोल जातात आणि गवताच्या दाट बुंध्याशी गाळ अडून बांध आपोआप उंच होत जातो.

आपल्या जुन्या लोकांना हे गाळ अडवण्याचे तंत्र चांगले माहीत होते. ओघळीच्या तोंडाशी दगडाची ताल घालायची, वरून येणारी माती तिच्यामागे साठू द्यायची, ताल भरली की आणखी एक थर चढवायचा. असे आठ-दहा वर्षांत ओघळीच्या जागी सपाट, खोल मातीचे वावर तयार होई. धुपीतूनच शेत घडवण्याची ही रीत. आणि ती तर तुलनेने अलीकडची म्हणावी, इतका या मुलखातला बांधाचा इतिहास जुना आहे. शिरूर तालुक्यातच घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातल्या त्या वसाहतीत सातू पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी पुराचे पाणी वळवण्यासाठी दगडमातीचा बांध आणि पाट बांधलेला आढळला. तीन हजार वर्षांपूर्वीही इथल्या माणसाला पाऊस थोडा आणि पूर मोठा, हाच पेच सोडवायचा होता.

शेतातल्या कामाला वरच्या माळाची साथ लागते. दौंडच्या दक्षिणेला भुलेश्वरची रांग आहे. तिच्यावरून उतरणारे पाणी खोर, भांडगाव, यवतच्या शिवारात येते. माथ्यावर गवत असेल तर पाणी खाली पोचेपर्यंत थकते. म्हणून माथा ते पायथा असे काम करायचे: वर सलग समतल चर आणि गवत, मधल्या ओघळींना अनघड दगडांचे बांध, खाली नाला बांध. शेजारच्या पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७४ साली देवस्थानची चाळीस एकर उताराची जमीन घेऊन हेच करून दाखवले. शिरूरला लागून पारनेरात राळेगणसिद्धीला १९७५ नंतर अण्णा हजारे यांनी गाव घेऊन केले. दोन्ही ठिकाणी पाण्याचे कौतुक खूप झाले. पण ते पाणी माथ्यावरची माती जागच्या जागी राहिल्यामुळे आले, हे बाजूला पडले. पुढे खालचे ओढे यंत्राने खोल करण्याची लाट आली, ती वरचे काही न करताच. काठावर टाकलेला गाळ दोन पावसांत पुन्हा ओढ्यात येतो. माथा सोडून पायथा खणणे हा पैशाचा अपव्यय आहे, असे मी स्पष्टच म्हणेन.

माळ म्हणजे ओसाड, हा समजही घातक आहे. कुसळीचे, पवन्याचे गवत असलेला माळ धनगरांच्या मेंढरांचे चराऊ रान असतो. दौंडच्या सीमेपलीकडे सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात १९९७ पासून चिंकारा राखले जातात ते अशाच गवताळ माळावर. त्यावर सरसकट खड्डे काढून झाडे लावली आणि ती जगली नाहीत, की उरतो उकरलेला मुरूम. आता तर जेसीबीने माळ सपाट करून कांदा आणि ऊस नेण्याची घाई चालली आहे. हलक्या मातीचा वरचा वीतभर थर ढकलून खड्ड्यात भरला की वर उघडा मुरूम येतो. तिथे ठिबक आणि खत वर्षानुवर्षे ओतावे लागते.

नदीकाठचा प्रश्न वेगळा दिसतो, पण जोडलेला आहे. भीमा, घोड आणि मुळा-मुठेच्या काठची मळई खोल आहे, कालव्याचे पाणी आहे, ऊस आहे, गुऱ्हाळे आहेत. तिथे धूप कोण बघतो? मात्र पात्रातली वाळू उपसली की नदीचा तळ खाली जातो. नदीला मिळणारा प्रत्येक ओढा मग तेवढाच खाली कापत जातो. त्या कापाचे टोक दर पावसाळ्यात मागे मागे सरकते, ओढ्यातून ओघळीत, ओघळीतून शेतात. नदीपासून दोन-तीन किलोमीटर आत एखाद्याची विहिरीकडची वाट अचानक खचते, त्याचे कारण नदीत असते. मळईची माती मऊ, दगड नसलेली. ती या कापापुढे टिकत नाही. टाकळी हाजी आणि निघोजच्या मधे कुकडीने बसाल्टच्या कातळात रांजणखळगे कोरले आहेत, ते ज्यांनी पाहिले त्यांना पाण्याच्या ताकदीबद्दल वेगळे सांगायला नको.

गेलेल्या मातीचा काही भाग गावातच परत मिळतो. पाझर तलावांत, बंधाऱ्यांत आणि १८७६-७७ च्या दुष्काळात सुरू झालेल्या दौंडमधल्या मातोबासारख्या जुन्या तलावांत तो गाळ होऊन बसतो. त्यापुढचा उजनीच्या पाणफुगवट्यात जातो. मुरमाड रानात असा गाळ चार-सहा इंच पसरला तर पाणी धरण्याची ताकद लगेच वाढते. पण आधीच भारी असलेल्या किंवा उसाने चोपण झालेल्या रानात तो टाकू नये, आणि माती तपासल्याशिवाय तर कुठेच टाकू नये. आणि ज्या रानाला सांडवा नाही, तिथे टाकलेला गाळ पुढच्या हस्तात परत तलावात.

आपल्या शेतातून किती माती जाते हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. मोठा पाऊस चालू असताना सांडव्यावरून पडणारे पाणी एक लिटरच्या बाटलीत भरून घ्यायचे आणि रात्रभर स्थिर ठेवायचे. सकाळी वरचे पाणी निथळून खालचा गाळ उन्हात वाळवायचा आणि सोनाराच्या किंवा किराणा दुकानाच्या काट्यावर तोलायचा. लिटरमागे दहा ग्रॅम भरला आणि त्या पावसात दहा मिलिमीटर पाणी शेताबाहेर गेले असेल, तर एकरातून चाळीस हजार लिटर पाण्याबरोबर चारशे किलो माती गेली. हा एका पावसाचा हिशेब. त्याच दिवशी शेजारच्या रानातली, जिथे मटकी पसरली आहे किंवा बंदिस्त वाफे केले आहेत, अशी बाटलीही भरून आणावी आणि दोन्ही शेजारी ठेवाव्यात. ग्रामसभेत त्या दोन बाटल्या टेबलावर मांडल्या तर चर्चा कुठून सुरू करायची हा प्रश्न उरणार नाही.